फोटो काढण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



गेल्या वर्षी ह्याच दिवशी मला उन्हाळी वाळवणांवर बोलायला लावले होते. तो विषय माझ्या हातचा होता. ह्या वर्षी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या, खुंटीला टांगलेली मोठी पिशवी त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यावरच बोला." त्या पिशवीत आमच्या घरातल्या माणसांचे एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद आणि एम.आर.आय.च्या फिल्मा आहेत. आपण बायका ह्या सगळ्यालाच 'फोटो' म्हणतो. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला, फोटोत काही निघाले नाही, फोटोत गाठ आली, अशी आपली भाषा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते चुका करून, डॉक्टरांना विचारून आणि मुलीकडून वाचून घेऊन जमवलेले आहे. चुका दोन केल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या.

पहिली चूक २०२१ सालची. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे डबे उतरवताना माझी कंबर धरली. आठ-दहा दिवस शेक दिला, लेप लावला, उतार पडेना. मग एका ठिकाणी दाखवले. तिथे मला कोणी हात लावून पाहिले नाही. चिठ्ठी लिहून दिली की एम.आर.आय. करून आणा. मीही विचारले नाही की कशासाठी. उलट बरे वाटले, मोठी तपासणी म्हणजे मोठी काळजी घेतली असे! भिशीचे पैसे नुकतेच आले होते, ते तिथे मोजले. रिपोर्ट इंग्रजीत. मुलीने वाचून सांगितले की मणक्यांमधली चकती फुगली आहे आणि झीज झाली आहे. झाले! मी अंथरूणच धरले म्हणा ना. दोन महिने भरली बादली उचलली नाही, खाली बसून भाकरी थापली नाही, आणि आपण आता अपंग होणार असे मनाशी धरून रात्री रडले.

पुढे एका वयस्क डॉक्टरांकडे यजमान घेऊन गेले. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी मला टाचांवर चालायला लावले, मग चवड्यांवर. पाय सरळ उचलून पाहिले. लघवीवर ताबा आहे ना, ताप येतो का, वजन उतरले का, कुठे जोराने पडला होतात का, असे विचारले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही चाळिशीच्या आहात. ह्या वयाच्या, कंबर मुळीच न दुखणाऱ्या बायकांचे फोटो काढले, तरी निम्म्यांच्या फोटोत हेच निघेल."

मला ते समाधानापुरते बोलणे वाटले. मुलीने नंतर शोधून काढले, तर ते खरेच निघाले. कंबरदुखी नसलेल्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतल्या शंभरांपैकी तीसजणांची चकती फुगलेली, चाळिशीतल्या पन्नासजणांची आणि ऐंशीच्या माणसांत चौऱ्याऐंशीजणांची. ह्यांतल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे डोक्यात पांढरा केस निघावा तसे ते. माझे दुखणे खोटे नव्हते, पण ते त्या फुगलेल्या चकतीचेच होते असे कोणाला छातीठोक सांगता आले नसते. डॉक्टरांनी चार व्यायाम शिकवले, घरकाम सुरू ठेवायला सांगितले आणि सहा आठवड्यांत मी तळ्याच्या बाजूला फिरायला जाऊ लागले.

ह्याचा अर्थ कंबरेचा एम.आर.आय. कधीच करू नये असा कृपा करून घेऊ नका. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, कंबरदुखीबरोबर ताप किंवा वजन उतरणे असले, पूर्वी कॅन्सर झालेला असला, मोठा मार बसला असला, तर एक दिवसही दवडू नये. डॉक्टर जे प्रश्न विचारत होते ते ह्यासाठीच होते, हे मला मागून समजले.

आता दुसरी चूक. ती सांगताना जीभ जड होते, पण तेवढ्यासाठीच मी आज उभी आहे.

त्या एम.आर.आय.च्या वेळी बाहेर बाकावर एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, हे सगळे किरण अंगात साठतात आणि पुढे कॅन्सर होतो. वास्तविक एम.आर.आय.मध्ये ते किरण नसतातच, तिथे मोठे लोहचुंबक असते. पण मला तेव्हा काय ठाऊक! मी घरी आले ती भीती पदराला बांधूनच.

२०२३ च्या पावसाळ्यात सासूबाईंना खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी हटेना. जवळच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. यजमान न्यायला तयार होते. मीच आडवी आले. म्हटले, सत्तरीच्या बाईला कशाला ते किरण द्यायचे? अडुळशाचा काढा देऊ, पावसाळा आहे, जाईल. दीड महिना मी काढा दिला. सासूबाई बिचाऱ्या पीत राहिल्या. रात्रीचा बारीक ताप येऊ लागला, चोळी ढिली झाली, तेव्हा धीर सुटला आणि टी पॉइंटवरून रिक्षा करून त्यांना घाटीत नेले. एक्स-रेत उजव्या छातीच्या वरच्या भागात डाग होता. थुंकी तपासली. क्षयरोग निघाला.

सासूबाई सहा महिन्यांच्या औषधांनी बऱ्या झाल्या. पण घरात माझ्या जाऊबाईंची चार वर्षांची मुलगी आहे. ती आजीच्या कुशीत झोपायची. त्या दीड महिन्यातही रोज झोपत होती. तिला आजार झाला नव्हता, परंतु होऊ नये म्हणून सहा महिने रोज गोळी द्यावी लागली. ती गोळी कुस्करून पाण्यात कालवून तिला पाजताना जाऊबाई माझ्याकडे पाहत नसत. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून मग मी हट्टाने हे किरणांचे कोडे समजून घेतले. घाटीतल्या एका डॉक्टरबाईंनी मला फार चांगले सांगितले. एक्स-रेचे किरण अंगात साठून राहत नाहीत. दिवा विझला की उजेड जावा तसे ते त्याच क्षणी संपतात. एक्स-रे काढून आलेल्या माणसाजवळ लेकरू देऊ नये, असे आपल्या गल्लीत बोलतात, त्याला काही आधार नाही. मात्र किरण जाता जाता शरीरातल्या पेशींना थोडी इजा करू शकतात. बहुतेक इजा शरीर भरून काढते. एखादी राहून गेली तर पुष्कळ वर्षांनी त्यातून कॅन्सर उद्भवण्याची अल्प शक्यता असते. म्हणून किती किरण, कितीदा आणि कोणाला, हे पाहायचे.

किरण मोजण्याचे माप आहे, त्याला मिलिसिव्हर्ट म्हणतात. गमतीची गोष्ट अशी की तपासणी न करताही आपल्याला किरण मिळतच असतात. जमिनीतून, दगडांतून, आकाशातून, खाण्यातून. जगाची सरासरी धरली तर माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आपोआप मिळतात. छातीच्या एका एक्स-रेत ०.०२ ते ०.१ एवढेच असतात. म्हणजे तीन दिवसांत ते फार तर पंधरवड्यात जे घरबसल्या मिळायचे तेवढे. आणि ह्यासाठी मी दीड महिना काढा पाजला! स्तनांच्या मॅमोग्राफीत सुमारे ०.४, डोक्याच्या सी.टी. स्कॅनमध्ये सुमारे २ आणि पोटाच्या सी.टी.मध्ये सुमारे ८ ते १०. हे शेवटचे मात्र तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतके झाले. सी.टी. म्हणजे एक्स-रेच, पण यंत्र अंगाभोवती फिरून शेकडो छेद घेते, म्हणून हा आकडा एवढा मोठा. सोनोग्राफीत हे किरण नाहीत, ती आवाजाच्या लहरींवर चालते.

१० मिलिसिव्हर्टच्या एका सी.टी.मुळे दोन हजार माणसांत एकाला पुढे जिवावरचा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा अंदाज आहे. अंदाजच तो, पण तो धरून चालतात. ज्याच्या पोटात आतडे फुटले असेल त्याने हा आकडा मनात आणू नये. ज्याला नुसता गॅस झाला आहे त्याने जरूर आणावा. लहान मुलांच्या बाबतीत अधिकच जपावे, कारण त्यांच्या वाढत्या पेशी नाजूक असतात आणि पुढचे आयुष्य मोठे असते. सत्तरीच्या सासूबाईंना तो धोका नगण्य होता. मी नेमके उलटे पाहिले. तरीसुद्धा मूल डोक्यावर पडले, बेशुद्ध झाले, सारखे ओकू लागले किंवा गुंगीत जाऊ लागले आणि डॉक्टरांनी सी.टी. सांगितली, तर किरणांचे नाव काढून अडवू नका. मेंदूत रक्त साकळले आहे की नाही हे त्या घटकेला सी.टी.च चटकन दाखवते.

क्षयरोगाविषयी एक आकडा मात्र मी कधी विसरणार नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ ह्या काळात क्षयरोगाची मोठी पाहणी झाली. त्यात असे दिसले की लोकांची नुसती लक्षणे विचारून भागवले असते आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर शंभरांतले सुमारे त्रेचाळीस रुग्ण हाती लागलेच नसते. डिसेंबर २०२४ मध्ये शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम निघाली, तिच्यात हातात धरून नेता येणारी एक्स-रेची यंत्रेही ह्यासाठीच वापरली. परंतु एक्स-रेत डाग दिसला म्हणजे क्षयच, असेही नव्हे. जुन्या न्यूमोनियाचा व्रण, दुसरे एखादे दुखणे, असे काहीही असू शकते. म्हणून थुंकीची तपासणी लागते. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर दोन्ही करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती क्षयाची तपासणी आणि औषधे फुकट आहेत.

आमच्या गल्लीतल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांना मुतखडा. आठ महिन्यांत तीन डॉक्टर बदलले आणि तीनदा पोटाची सी.टी. झाली. कारण काय? आधीच्या फिल्मा गादीखाली घालून ठेवलेल्या, त्या उन्हाळ्यात एकमेकींना चिकटल्या, आणि सी.डी. नातवाने चाकासारखी फिरवली. नव्या डॉक्टरांना पहिले काही दाखवता आले नाही म्हणून पुन्हा केली. वास्तविक एकदा खडा कळल्यावर तो खाली सरकला का, वाढला का, हे पाहायला पुष्कळदा सोनोग्राफीने भागते. पण "आधीची सी.टी. झाली आहे, आता सोनोग्राफीने चालेल का?" हे विचारायचे असते हेच त्यांना माहीत नव्हते. माझी पिशवी खुंटीवर आली ती तेव्हापासून. प्रत्येक फिल्मेवर नाव आणि तारीख, आणि वर एका वहीत यादी.

महाग तपासणी ती चांगली, हा समजही आपल्यात फार आहे. पितळी डब्यात दही लावत नाही, तसेच हे आहे. हाड मोडले की साधा एक्स-रे. पित्ताशयातले खडे, गर्भाशय, मूत्रपिंड, ह्यांना आधी सोनोग्राफी. पण सोनोग्राफीच्या लहरी हाडातून आणि वाऱ्यातून नीट जात नाहीत, म्हणून पोटात वायू धरला असेल तर चित्र पुसट येते, आणि काढणाऱ्याच्या हातावरही पुष्कळ अवलंबून असते. मज्जातंतू, गुडघ्यातले दोर, मेंदूची काही दुखणी ह्यांना एम.आर.आय. सी.टी.च्या वेळी पुष्कळदा शिरेतून औषध टोचतात. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या किंवा पूर्वी औषधाची रिॲक्शन आलेली असेल, तर ते आपण होऊन आधी सांगावे.

एम.आर.आय.ला किरण नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. ते चुंबक रात्रंदिवस चालू असते. मुंबईच्या नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी एक तरुण नातेवाईक रुग्णाबरोबर त्या खोलीत गेला, त्याच्या हाती ऑक्सिजनचे नळकांडे होते, आणि तो यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. आपल्या अंगावर काय काय असते ते जरा आठवा. मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना, निऱ्यांची पीन, अंबाड्यातले आकडे. मी स्वतः सात पिना काढल्या, मोजून! छातीच्या एक्स-रेतही मंगळसूत्राच्या मण्यांची सावली पडते. शरीरात तांबी सोडून आणखी काही धातूचे बसवलेले असेल, हृदयाचे यंत्र असेल, तर आवर्जून सांगावे. तांबीही सांगावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पाळी चुकलेली असेल तर एक्स-रे आणि सी.टी.च्या आधी तसे स्पष्ट सांगावे, कोणी विचारो न विचारो. ह्या एका गोष्टीमागे आयांचे मोठे उपकार आहेत. रॉन्टगेन साहेबांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले आणि सहाच आठवड्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात तिच्या बोटातली अंगठीसुद्धा दिसते. पुढे साठ वर्षे जगभर त्या किरणांचे कौतुक चालले. पोटात मूल आडवे आहे की उभे हे पाहायलाही गर्भारणीचे एक्स-रे काढत. तेव्हा इंग्लंडात ॲलिस स्ट्युअर्ट नावाच्या डॉक्टरबाईंना वाटले की मुले कॅन्सरने का दगावतात ते आयांनाच विचारून पाहावे. त्यांनी दगावलेल्या मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या आयांना एकच प्रश्नावली दिली. मूल पोटात असताना ज्यांचा एक्स-रे झाला होता अशा आया पहिल्या गटात जवळजवळ दुप्पट निघाल्या. हे १९५६ साली त्यांनी जाहीर केले. बड्या बड्यांनी वर्षानुवर्षे मानले नाही, पण अखेर मानावे लागले. मला ही गोष्ट फार आवडते. कारण ते उत्तर प्रयोगशाळेत नव्हते, आयांच्या आठवणीत होते.

गरोदरपणात सोनोग्राफी चालते, ती करावीच. तिथे भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही असा फलक असतो आणि आपल्याकडून एक अर्ज भरून घेतात. पुष्कळजणींना त्याचा कंटाळा येतो. हा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली तो सबंध देशाला झाला. यंत्र निरुपद्रवी, पण ते वापरून मुलींना जन्मू दिले नाही, म्हणून करावा लागला. ह्याहून जास्त बोलत नाही.

आता आपल्या काळजीचा विषय, स्तनातली गाठ. मॅमोग्राफीचा फोटो निर्दोष आला, पण हाताला गाठ लागते आहे, तर हातावर विश्वास ठेवून पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. मॅमोग्राफीतून काही कॅन्सर निसटतात, विशेषतः तरुण बायकांचे, कारण त्यांचे स्तन दाट असतात आणि फोटोत सगळेच पांढरे दिसते. त्यांना सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. आणि फोटोत संशय आला म्हणजे कॅन्सर झालाच असेही नव्हे. सुई घालून तुकडा तपासल्याखेरीज ते ठरत नाही.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे एक मोठा प्रयोग केला. झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका त्यात होत्या. यंत्र काही नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. ज्यांना मॅमोग्राफीला पैसे नाहीत त्यांनी तपासणीच सोडून द्यावी असे मुळीच नाही, एवढे मी त्यातून घेतले.

महिला दिनाला सर्व शरीराच्या तपासणीची पत्रके दारात येऊन पडतात. मीही मागे एक जपून ठेवले होते. मग दक्षिण कोरियाची हकीकत कळली. तिथे निरोगी बायकांच्या गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात सर्रास होऊ लागली आणि थायरॉईडचे कॅन्सर १९९३ ते २०११ मध्ये पंधरा पटींनी वाढले. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे आयुष्यभर ज्यांनी त्रास दिला नसता अशा बारीक गाठी शोधून हजारोंचे गळे कापले आणि त्यांना जन्माच्या गोळ्या लागल्या. किरण नसलेली तपासणीही अशी अंगावर येऊ शकते.

तेव्हा मी आता चिठ्ठी हाती आली की दोन-तीन गोष्टी विचारते. ह्यातून काय कळायचे आहे? उत्तर काहीही आले तरी औषध तेच राहणार का? किरण नसलेली दुसरी तपासणी चालेल का? आणि थांबलो तर काय बिघडेल? हा शेवटचा प्रश्न मी २०२३ साली विचारायला हवा होता. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. एक्स-रे केंद्राला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का हेही विचारायला हरकत नाही. लेकराला धरायला आत जावे लागले तर शिशाचा अंगरखा मागून घ्यावा, आणि काम नसेल तर खोलीबाहेर थांबावे.

बोलणे लांबले. सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या मांडीवर ती नात आहे. त्यांचे दोन्ही एक्स-रे मी आणले आहेत, आजारातला आणि औषध संपल्यानंतरचा. दुसऱ्यातही उजवीकडे एक रेघ दिसते. पहिल्यांदा ती पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो भरलेल्या जखमेचा व्रण आहे, तो फोटोत जन्मभर दिसेल. सासूबाई रोज हरसिद्धी मातेच्या देवळापर्यंत पायी जातात. हळदीकुंकू झाले की ज्यांना पाहायचे असतील त्यांनी खिडकीपाशी उजेडात यावे. जाऊबाई फिल्मा धरणार आहेत.